दंडातलं इंजेक्शन आणि जखमेतलं इंजेक्शन

बुधवारी संध्याकाळी कऱ्हाडला आमच्या मारुतीच्या पारावर वाद पेटला तो सुहासच्या एका वाक्यावरून. "पाश्चरनं त्या नऊ वर्षांच्या पोराला लस टोचली 1885 साली. आणि आज रेबीजची लक्षणं दिसली की डॉक्टर हातच जोडतात. मग संशोधनाचं एवढं कौतुक कशाला?"

सुहास उगाच बोलत नव्हता. लहानपणी त्याच्या आजोळी एक शेतगडी पिसाळलेलं कुत्रं चावून गेला. त्याला गोठ्यात ठेवलं होतं. पाण्याचा तांब्या नुसता जवळ नेला तरी त्याच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, घसा आवळायचा आणि घोट आत जायचा नाही. तहान तर प्रचंड. शेवटी त्यानं तांब्या लांब ठेवायला हातानं खुणावलं. हे सांगताना सुहासचा आवाज अजूनही बारीक होतो.

बापू आमच्यात सगळ्यांत मोठे. ग्रामीण रुग्णालयात ड्रेसर म्हणून त्यांची हयात गेली. ते म्हणाले, "सुहास, मी ती पोटातली चौदा इंजेक्शनं देताना बघितलीत. बेंबीच्या आजूबाजूला, रोज एक. पोरं दारातनंच पळायची. आज दंडावर चार-पाच खेपांत काम होतं. हे काय आपोआप झालं?"

ती चौदा इंजेक्शनं म्हणजे सेंपलची लस. डेव्हिड सेंपल या इंग्रज डॉक्टरनं ती 1911 मध्ये हिमाचलातल्या कसौलीला तयार केली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, मग तो मारायचा आणि त्या मेंदूचाच द्रव टोचायचा. गोची अशी की त्या द्रवाबरोबर मज्जातंतूंवरचं आवरणही शरीरात जायचं. काही जणांचं शरीर मग स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटायचं. रेबीज टळायचा, पण माणसाला लकवा व्हायचा. आपल्या देशात ही लस 2004 च्या अखेरीस बंद झाली आणि पेशींवर वाढवलेल्या विषाणूच्या शुद्ध लशी सगळीकडे आल्या. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, आणि वर्गात हे मी दरवर्षी सांगतो, कारण आपल्याकडे अजून कित्येक घरांत 'पोटात चौदा' या भीतीपायी कुत्रं चावल्याचं लपवलं जातं.

सुहास मागे हटेना. "लस झाली. मी औषधाचं विचारतोय. अमेरिकेत त्या मुलीला वाचवलंच की!"

अर्चनानं त्याला तिथंच अडवलं. ती गुरांची डॉक्टर आहे, स्वतः लशीचे डोस घेतलेली. 2004 सालची ती केस तिला पाठ होती. विस्कॉन्सिनमधली पंधरा वर्षांची मुलगी, वटवाघूळ चावलेलं, लस घेतलेली नाही. डॉ. रॉडनी विलोबींनी तिला औषधं देऊन बेशुद्धीत ठेवलं, जोडीला विषाणूरोधक औषधं दिली. ती वाचली, पुढे कॉलेज शिकली. जगभरात आशा पालवली. "पण तोच उपचार नंतर कित्येकांवर झाला आणि जवळजवळ सगळे गेले," अर्चना म्हणाली. "ती उपचारानं वाचली की तिच्या शरीरानंच आधी प्रतिकार उभा केला होता, यावर अजून वाद आहे. एका पेशंटवरून उपचार ठरत नाही, सुहास."

मला विचाराल तर इथं दोघंही बरोबर होते. या विषाणूची चालच अवघड आहे. तो रक्तातनं फिरत नाही. चावल्याजागी स्नायूत शिरतो, मज्जातंतू पकडतो आणि त्याच्या आतनं मेंदूकडे सरकत राहतो, दिवसाला काही सेंटीमीटर, जास्तीत जास्त दहाएक. या प्रवासात शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा पत्ताच लागत नाही. बहुधा एक ते तीन महिन्यांनी तो मेंदूत पोचतो, आणि तिथं रक्तातलं औषध सहजी शिरत नाही. म्हणून लक्षणं दिसली म्हणजे वेळ निघून गेलेली असते. 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं मेंदूपर्यंत संसर्ग पोचलेल्या उंदरांना एकाच प्रतिपिंडाचा, म्हणजे विषाणूला पकडून निकामी करणाऱ्या प्रथिनाचा, एकच डोस दिला आणि ते उंदीर वाचले. शरीराच्या टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, नसत्या तर ते प्रतिपिंड कामी आलं नसतं, हेही त्यांनी दाखवलं. मी हे सांगितलं तसा सुहास उठूनच उभा राहिला. "बघ! हेच म्हणतोय मी!" उंदरापासून माणसापर्यंतचं अंतर मोठं आहे, पण ती वाट कुणीतरी चालतंय याचा मला खरोखर आनंद आहे.

मधेच नितीननं नेहमीचं काढलं, "सगळी कुत्री उचला, प्रश्न मिटला." त्यावर अर्चनानं गोवा काढला. तिथं मिशन रेबीज ही संस्था आणि सरकार यांनी मिळून वर्षानुवर्षं गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचली. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस पोचली की रोगाची साखळी तुटते, हा त्यामागचा हिशोब. 2014 मध्ये तिथं माणसं रेबीजनं दगावत होती, 2018 पासून काही वर्षं एकही नाही. 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. देशात मात्र नव्या अंदाजाप्रमाणे अजून वर्षाला 5,700 च्या आसपास माणसं जातात. नितीन गप्प बसला, पण पटलं असं काही म्हणाला नाही.

एवढ्यात संजू आला. उशीर का झाला म्हटलं तर म्हणाला, भाच्याला इंजेक्शनला नेलं होतं. रविवारी त्याच्या करंगळीला कुत्र्यानं धरलं होतं, रक्त आलं होतं. "आज दुसरं झालं. आता काळजी नाही."

बापूंनी विचारलं, "जखमेत दिलं का?"

"जखमेत? दंडातच दिलं की."

"दंडातली ती लस. जखमेतलं सीरम कुठाय?"

संजूला ते ठाऊकच नव्हतं. रविवारी जिथं नेलं तिथं सीरम शिल्लक नव्हतं, आणि ते बाहेरून आणायला हवं हे घरच्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला राग आला तो इथंच. लस शरीराला प्रतिपिंडं बनवायला शिकवते, पण त्याला आठ-पंधरा दिवस लागतात. तोवर जखमेतल्या विषाणूला तिथल्या तिथं अडवायला तयार प्रतिपिंडं लागतात, आणि सीरम म्हणजे तीच. पूर्वी लस घेतलेली नसेल तर रक्त आलेल्या प्रत्येक चाव्याला ती द्यायचीच असतात, आणि बोटासारख्या मज्जातंतूंनी भरलेल्या जागी तर जास्तच निकड.

बापूंनी संजूची करंगळी हातात घेऊन दाखवलं. सुई जखमेच्या कडेनं तिरकी घालायची, थेंब थेंब सोडायचा. बोटाला जागा कमी, ते फुगतं, पांढरं पडायला लागतं, तिथं थांबायचं. पोरगं ओरडतं, आईला बाहेर बसवायचं. "आणि त्याच्याही आधी नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून. धुतलं होतं का?"

"हळद भरली होती," संजू म्हणाला.

पूर्वी हे सीरम घोड्याच्या नाहीतर माणसाच्या रक्तातनं काढावं लागायचं, त्यामुळे कायम तुटवडा. 2016-17 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट या लस कंपनीचं मोनोक्लोनल, म्हणजे एकाच साच्याचं, प्रतिपिंड आलं, कारखान्यात पेशींकडून बनवून घेतलेलं. सुहासनं लगेच विचारलं, "ते चालतं हे तपासलं कसं? अर्ध्या लोकांना पाणी टोचलं?" प्रश्न रास्त होता. तसं केलं असतं तर ते पाप ठरलं असतं. म्हणून चावा बसलेल्या 200 जणांना लस दिली. त्यांतल्या काहींना नवं प्रतिपिंड, बाकीच्यांना माणसाच्या रक्तातलं जुनं, आणि चौदाव्या दिवशी दोघांच्या रक्ताची विषाणू मारण्याची ताकद मोजली. नवं कमी पडलं नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे संशोधक त्या चाचणीत पुढे होते. एकाच प्रतिपिंडावर विसंबू नये, दोन एकत्र असावीत, असंही तज्ज्ञ म्हणतात, आणि तसं मिश्रणही आता आपल्याकडे बनतं.

"सुहास, तू मागतोस ते औषध हे आहे," बापू म्हणाले. "फक्त ते लक्षणांच्या आधी द्यावं लागतं, आणि ते फडताळात असावं लागतं."

"मग आता?" संजूचा चेहरा उतरला होता.

"पहिल्या डोसापासून सात दिवसांत देता येतं. आज तिसरा. ऊठ."

अर्चनानं दोन ठिकाणी फोन लावले. तिसऱ्या ठिकाणी, साताऱ्याला, मिळालं. सुहासनं गाडी काढली. पोराला मागं आईच्या मांडीवर बसवलं, बापू पुढे बसले. रात्री साडेदहाला संजूचा फोन आला, की बोट टम्म फुगलंय, पोरगं रडून झोपलंय, आणि पुढचा डोस रविवारी आहे.