पेपरक्लिप लावून बाराशे वॅटचा पीएसयू पास करणाऱ्यांनो, पुरे आता!

बाराशे वॅटच्या पॉवर सप्लायचा (पीएसयू, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) रिव्ह्यू म्हणून हल्ली जे खपवलं जातं ते बघून डोक्यात तिडीक जाते. निम्मा वेळ खोका उघडण्यात. केबलची पिशवी किती मऊ, पंख्याची जाळी किती देखणी, लोगो कुठल्या बाजूला. मग मोठ्या २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर पेपरक्लिपने काळ्या वायरला टेकवायची आणि जाहीर करायचं, "पीएसयू एकदम ओके." अहो, काय ओके? १६ नंबरची पिन, म्हणजे ती हिरवी वायर, ग्राउंड केली (काळ्या वायरला जोडली) की पीएसयू चालू होतो, एवढंच त्यातून कळतं. आणि झीरो आरपीएम मोड (कमी लोडला पंखा बंद ठेवणारा) असेल तर पंखा फिरणारच नाही, कारण लोडच नाही, म्हणजे वीज कोणी ओढतच नाही. मग हेच महाभाग चांगल्या पीएसयूला डेड ठरवून मोकळे!

त्याच्या पुढची पायरी मल्टिमीटरची. लोड शून्य, आकडा १२.०८, आणि शेरा "व्होल्टेज रॉक सॉलिड". बिनलोडाचं व्होल्टेज कोणाचंही चांगलंच दिसतं हो. एटीएक्सच्या (पीसीच्या पीएसयूचं स्टँडर्ड) जुन्या नियमात १२ व्होल्टला ५ टक्के वरखाली चालतं, म्हणजे ११.४० ते १२.६०. प्रश्न हा आहे की १० टक्के लोडपासून १०० टक्क्यांपर्यंत जाताना ते किती खाली येतं. चांगल्या युनिटमध्ये हा फरक १ टक्क्याच्या आत राहतो, पण तो दिसायला खरोखर १०० अँपियर (१२०० भागिले १२) ओढावे लागतात. आणि मोजायचं कनेक्टरपाशी, वायरमधल्या ड्रॉपसकट. मदरबोर्डच्या सेन्सरवरून सॉफ्टवेअर जो आकडा दाखवतं त्याचे स्क्रीनशॉट तर कृपा करून टाकूच नका, त्या सेन्सरची अचूकता रामभरोसे असते.

लोड दिला, असं म्हणणारेही काय देतात? एक ग्राफिक्स कार्ड, एक गेम. भिंतीच्या सॉकेटला लावलेला मीटर ६४० वॅट दाखवतो. तो आकडा एसी बाजूचा आहे! कार्यक्षमता ९१ टक्के धरली तरी पीएसयू आत देतोय ५८२ वॅट. म्हणजे बाराशेचा गडी निम्म्याहून कमी कामावर आहे आणि हे लिहितात, "फुल लोडला आवाजच नाही." येणार कुठून आवाज? इलेक्ट्रॉनिक लोड (हवा तेवढा करंट ओढणारं उपकरण) महाग असतो, सगळ्यांना परवडत नाही, मान्य. मग टेस्ट म्हणू नका, वर्णन म्हणा.

रिपल (डीसी व्होल्टेजमधला बारीक चढउतार) हा शब्द तर यांच्या गावीही नाही. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यावर बसलेली खरखर त्याला दिसतच नाही. त्याला ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लागतो. बँडविड्थ २० मेगाहर्ट्झवर मर्यादित करायची, मोजायच्या जागी १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर लावायचा, आणि प्रोबची लांब ग्राउंड क्लिप काढून छोटी स्प्रिंग वापरायची. ती लांब क्लिप तशीच ठेवली तर ती अँटेनासारखी आसपासचा सगळा स्विचिंग नॉइज गोळा करते आणि बिचाऱ्या पीएसयूच्या माथी नसतं पाप येतं. मर्यादा १२ व्होल्टला १२० मिलिव्होल्ट, ५ आणि ३.३ व्होल्टला ५० मिलिव्होल्ट, पीक टू पीक. अवघड काय आहे यात?

आणि ते सोनेरी स्टिकर! "८० प्लस गोल्ड आहे म्हणजे क्वालिटी आलीच." नाही येत. ८० प्लस फक्त कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर बघतं, तेही २३ अंशाच्या थंडगार खोलीत. ११५ व्होल्टवर गोल्डसाठी २०, ५० आणि १०० टक्के लोडला ८७, ९० आणि ८७ टक्के मिळाले की झालं. रिपल, प्रोटेक्शन, कॅपॅसिटरचा दर्जा, यातलं काहीही त्या स्टिकरमध्ये नाही. कॅबिनेटमध्ये पीएसयूला ४०-४५ अंशांची हवा मिळते, त्यामुळे पूर्ण लोडची टेस्ट गरम पेटीतच व्हायला हवी. कच्चा माल तिथेच उघडा पडतो.

प्रोटेक्शनचं तर विचारूच नका. खोक्यावरची ओसीपी, ओव्हीपी, ओपीपी, ओटीपी (करंट, व्होल्टेज, पॉवर, तापमान जास्त झालं की पीएसयू बंद करणारी प्रोटेक्शन) ही यादी उतरवून काढली की यांचं काम संपलं. सिंगल रेल (१२ व्होल्टची सगळी वीज एकाच वाटेने) असलेल्या बाराशे वॅटला ओव्हरलोडची मर्यादा १३० टक्क्यांवर ठेवली असेल तर १२ व्होल्टवर १३० अँपियरपर्यंत तो ब्रसुद्धा काढत नाही. एखाद्या १८ गेजच्या वायरमधून अर्धवट शॉर्ट होऊन ४० अँपियर वाहिले तर इन्सुलेशन वितळेल, पीएसयू मात्र शांत. म्हणून लोड हळूहळू वाढवत नेऊन तो नक्की कुठे ट्रिप (आपोआप बंद) होतो ते बघायचं, आणि ट्रिप झाल्यावर पुन्हा जिवंत होतो का तेही. तीच गत ट्रान्झियंटची, म्हणजे लोडच्या क्षणिक झटक्याची. एटीएक्स ३.० मध्ये १०० मायक्रोसेकंदांसाठी दुप्पट, म्हणजे २४०० वॅटचा झटका पचवायचा असतो. तो कोणी देऊन पाहिला? खोक्यावर छापलंय, एवढाच पुरावा.

ग्राफिक्स कार्डच्या ६०० वॅटच्या १६ पिन कनेक्टरचा हिशोब तर शाळेतला आहे. ६०० भागिले १२ म्हणजे ५० अँपियर, सहा पिनांत वाटले तर प्रत्येकी ८.३. पिनची मर्यादा नऊ-साडेनऊच्या आसपास, म्हणजे उसंत जवळपास नाहीच. एका पिनचा संपर्क ढिला झाला की तिचा वाटा बाकीच्यांवर जातो. पीएसयूच्या आत सगळ्या वायरी एकाच रेलला जोडलेल्या, त्याला एकूण करंट कळतो, वाटणी कळत नाही. डीसी क्लॅम्प मीटर घ्या, सहाही वायरी एकेक करून मोजा, अर्धा तास पूर्ण लोड ठेवून कनेक्टरचं तापमान बघा. याऐवजी मिळतं काय, तर केबलच्या विणलेल्या कव्हरचा क्लोजअप.

होल्डअप टाइम मोजणारा तर विरळाच. भिंतीची वीज गेल्यावर आउटपुट किती मिलिसेकंद टिकतं हे मुख्यतः आतल्या मोठ्या ४००-४५० व्होल्टच्या कॅपॅसिटरवर ठरतं, आणि तो महाग असल्यामुळे काटकसर नेमकी तिथेच होते. त्याहून वाईट म्हणजे पॉवर ओके सिग्नलची लबाडी. व्होल्टेज मर्यादेबाहेर जायच्या किमान १ मिलिसेकंद आधी तो खाली यायला हवा. काही युनिटमध्ये तो नंतर येतो, म्हणजे व्होल्टेज घसरलेलं असतानाही मदरबोर्डला "सगळं ठीक" असाच निरोप जात असतो. स्कोपचे दोन चॅनेल लावले की पाच मिनिटांत हे दिसतं.

कळस म्हणजे "केबल कुठल्याही मॉड्युलर पीएसयूची चालते, सॉकेट सारखंच आहे" हा सल्ला. (मॉड्युलर म्हणजे केबल काढता-लावता येणारा.) पीएसयूच्या बाजूच्या पिनआउटला (कुठल्या पिनवर कुठलं व्होल्टेज, याला) कसलंही स्टँडर्ड नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळं असू शकतं. साटा केबलमध्ये ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पोचले की ड्राइव्ह जागच्या जागी जळते, आणि त्यातला डेटा सल्ला देणारा भरून देणार नसतो.