कोल्हापुरात ऑफिसं बांधा, भाडेकरू येतोयच!

भवानी मंडपापासून हाकेच्या अंतरावर तुमचा वाडा असेल, चार भावांत त्याची वाटणी रखडली असेल आणि तळमजल्यावरचा भाडेकरू आजोबांच्या काळातलं भाडं अजून नेमानं पोचवत असेल, तर अभिनंदन! तुम्ही नुसते वारसदार नाही, होतकरू बिल्डर आहात. वाडा पाडा. सागवानी खांब एखाद्या रिसॉर्टवाल्याला विका, तिथं ते परंपरा जपतील. नव्या इमारतीला मात्र वाड्याचंच नाव द्या आणि पुढं ‘बिझनेस हब’ जोडा.

नकाशात तळघर पार्किंगसाठी दाखवायचं. फक्त दाखवायचं. तिथं पुढं जिम निघते की कपड्यांचा सेल लागतो, हे काळ ठरवतो. गिऱ्हाईक गाडी रस्त्यावर लावेल, क्रेन ती उचलून नेईल आणि मग शहरात पार्किंगची सोय नाही म्हणून महापालिकेला शिव्या घालणाऱ्यांत तुमचा आवाज सगळ्यात मोठा पाहिजे.

जागा शाहूपुरीत किंवा व्हीनस कॉर्नरला मिळत असेल तर खचू नका. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि व्हीनस कॉर्नरला होड्या फिरल्या. म्हणून अशी जागा गिऱ्हाइकाला एप्रिलमध्ये दाखवावी.

आता वरचे मजले. तिथं आयटी कंपनी येणार. कोणती, असं विचारणारा माणूस नकारात्मक समजावा. शेंडा पार्कातल्या आयटी पार्कच्या बातम्या तुम्ही वाचता ना? मग झालं! ‘आयटी कंपन्यांसाठी राखीव’ असा बोर्ड आजच लावा. मनुष्यबळाची तर ददातच नाही. १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ पदवीधर घडवतंय. ते रविवारी रात्री ट्रॅव्हल्सनं पुण्याला, हिंजवडीला का जातात, हा प्रश्न ट्रॅव्हल्सवाल्यांचा आहे.

आयटी लांबली तर मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहेच. चाळीसेक वर्षांच्या लढ्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झालं. सहा जिल्ह्यांचे पक्षकार कोल्हापुरात येऊ लागले. लढले वकील, पण त्याचं चीज कुणी करायचं? तुम्ही. भाऊसिंगजी रोडच्या आसपास जिन्याखाली खोली असली तरी ती ‘चेंबर’ म्हणायची आणि भाडं मुंबईतल्या फोर्टचं सांगायचं. शिवाय लोडिंग लावायचं. तीनशे चौरस फुटांचे पैसे घ्या, दोनशे वापरायला द्या. उरलेल्या शंभरात लिफ्ट, पॅसेज आणि तुमचे भाऊ राहतात. सोलापूरहून नुकताच आलेला ज्युनिअर वकील एवढं ऐकून टपरीवरच फाइल उघडून बसला, तर त्याला व्यवसायाची दृष्टी नाही असं समजा.

मजला रिकामा राहिला तरी भाडं उतरवू नका. हे नीट लक्षात ठेवा, कारण अख्खा बाजार यावरच उभा आहे. भाडं कमी केलंत की इमारतीची किंमत उतरते, बँकेचा व्हॅल्युअर तोंड वाकडं करतो आणि शेजारचे चार मालक बोलणं टाकतात. रिकामं ठेवलंत तर ‘पार्टीशी बोलणी चालू आहेत’ एवढंच होतं. ही बोलणी वर्षानुवर्षं चालू शकतात. शहर वाढलं की भाव येईलच. १९७२ ला महापालिका झाली, तेव्हापासून हद्दवाढीची नुसती चर्चा ऐकतोय. आणखी थोडं थांबायला काय हरकत आहे?

हप्ते फारच टोचायला लागले तर प्लायवूडचे खण पाडा आणि मजल्यावर अभ्यासिका काढा. खुर्चीला महिन्याचं भाडं, एसीचे वेगळे. पुण्याला न गेलेले पदवीधर एमपीएससीची पुस्तकं घेऊन सकाळी सहाला हजर होतात, रात्री अकराला उठतात. एवढी हजेरी कुठल्या आयटी कंपनीत असते? डिपॉझिट मात्र आगाऊ घ्या. आणि बाहेरचा बोर्ड काढू नका, व्हॅल्युअर परत येणार आहे.