उंचावरचा हवामान-अंदाज सोयीस्करपणे कसा वाचावा

शरद सरत आला की उंच डोंगराळ प्रदेशाचा दीर्घकालीन हवामान-अंदाज प्रसिद्ध होतो आणि त्याच सुमारास आपली रजाही मंजूर होते. या दोन कागदांत विसंगती आढळल्यास प्रमाण कोणता मानायचा, हे आपण मनाशी केव्हाच ठरवलेले असते. परंतु अंदाज न वाचताच बाजूला सारणे सुशिक्षितपणाला शोभत नाही. म्हणून तो पूर्ण वाचावा आणि तरीही त्याची बाधा होऊ देऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

समजा अंदाजात असे लिहिले आहे, की येत्या तीन महिन्यांत तापमान सरासरीपेक्षा अधिक राहण्याची शक्यता ४० टक्के, सरासरीच्या आसपास राहण्याची ३३ टक्के आणि त्याहून कमी राहण्याची २७ टक्के आहे. ज्याला हवामानातले ओ की ठो कळत नाही, त्यानेही तिन्ही शक्यतांना प्रत्येकी ३३ टक्के दिलेच असते. तेव्हा चाळीस या आकड्याचा अर्थ पारडे एका बाजूला किंचित कलले, एवढाच होतो. आपण मात्र त्याचा अर्थ ‘यंदा थंडी नाही’ असा घ्यावा आणि बरोबर येणाऱ्या सर्वांना तसे कळवून टाकावे. ही सरासरी कसली, असा प्रश्न कोणी उपस्थित करील. सध्या ती बहुधा १९९१ ते २०२० या तीस वर्षांची धरतात, आणि एखाद्या उंच ठिकाणी या दिवसांतली रात्रीची सरासरीच उणे आठ असेल, तर ‘सरासरीपेक्षा उबदार’ रात्र उणे सहाचीही असू शकते. हा तपशील कुणाला सांगू नये. उत्साहावर विरजण पडते. शिवाय नव्वद दिवसांच्या सरासरीत तीन दिवसांचे हिमवादळ मिठासारखे विरघळून जाते, याची आपल्याला चिंता नसावी. आपली सहल तरी कुठे नव्वद दिवसांची आहे? ती तीनच दिवसांची आहे.

यानंतर मोबाइलवरच्या अंदाजाकडे वळावे. तिथे पायथ्याच्या गावाचे नाव टाकले की हसरा सूर्य आणि बारा अंश दिसतात. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे गावापासून दीड हजार मीटर वर असलेल्या खिंडीत त्याच वेळी दोन-तीन अंश असणार आणि वारा धरला तर ते शून्याच्या बरेच खाली भासणार. परंतु अंदाज गावाचा पाहावा आणि जावे खिंडीत, हीच जुनी व सर्वमान्य रीत आहे. एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये संगणकाला ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा दिला, तर काही काळाने संगणकातले सारे हवामानच निराळे निघाले. त्या बिचाऱ्याने दशांशचिन्हापुढचे शेवटचे तीन अंक गाळले होते. आपण तर सबंध दीड हजार मीटर गाळत आहोत.

उंचीचा हा हिशेब ज्यांनी चुकून पाठ केला असेल, त्यांच्यासाठीही निसर्गाने सोय ठेवली आहे. निरभ्र, निवांत आणि लांबलचक रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिला लागलेली थंड हवा जड होऊन उतारावरून ओघळते आणि दरीच्या तळाशी साचते. अशा पहाटे उतारावर मधल्या उंचीला असलेला माणूस तळाशी असलेल्यापेक्षा बराच उबेत असतो. ‘खाली गरम, वर गार’ एवढेच शिकलेल्या वाचकाने म्हणूनच तंबू ओढ्याकाठच्या सपाट, खोलगट जागी ठोकावा. पहाटे बाटलीतले पाणी गोठलेले आढळेल. (हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.)

अंदाजाची यंत्रणा समजून घेतल्यास आपली सोय आणखी वाढते. युरोपचे मध्यम पल्ल्याच्या अंदाजांचे केंद्र पृथ्वीची साधारण नऊ-नऊ किलोमीटरच्या चौकटींत विभागणी करते. त्या एका चौकटीत आपले शिखर, दरी आणि दोहोंमधला कडा हे सर्व एकाच सरासरी उंचीवर नांदतात. तिथे गणितही एकदा मांडून थांबत नाहीत, तर आरंभीच्या आकड्यांत बारीकसे फरक करून एकूण ५१ वेळा मांडतात, आणि ही उत्तरे एकमेकांपासून जितकी फाकतील तितकी अनिश्चितता अधिक मानतात. एक्कावन्न उत्तरांपैकी एक तरी आपल्या रजेला अनुकूल असतेच. ते निवडावे. बाकीच्या पन्नासांना बहुमताचा मान द्यायला ही काही निवडणूक नव्हे.

अंदाजात ‘शून्य अंशाची पातळी ३,००० मीटर’ (म्हणजे तेवढ्या उंचीवर तापमान शून्य) असे आढळले आणि आपला मुक्काम २,८०० मीटरवर असला, की पाऊसच पडणार असे छातीठोकपणे सांगावे. पडणारा बर्फ लगेच वितळत नाही, तो त्या पातळीच्या दोन-तीनशे मीटर खालपर्यंत बर्फ म्हणूनच पोहोचू शकतो, आणि जोरदार वृष्टीत तर वितळता वितळता तो हवेलाच थंड करून आणखी खाली उतरतो. पण हे सारे बर्फाचे खासगी व्यवहार आहेत.

सूर्यास्ताची छापील वेळ मात्र काटेकोरपणे पाळावी. सूर्य त्या वेळेच्या कितीतरी आधी समोरच्या कड्याआड जातो, दुपारी वितळून रस्त्यावर आलेले पाणी सावलीत पुन्हा गोठते आणि त्याचा पातळ पारदर्शक थर ओल्या डांबरासारखाच दिसतो. तरीही छापलेला पाऊण तास शिल्लक असताना घाई करणे हा वेळेचा अपमान होय. कपड्यांविषयी काय सांगावे? तापमान शून्याच्या वर आहे, एवढ्यावर निर्धास्त राहावे. भिजलेल्या अंगाला वारा लागला की पाच-सहा अंशांतही शरीराचे आतले तापमान पस्तिसाखाली जाऊ शकते. त्या अवस्थेत सारासार विचार मंदावतो, त्यामुळे आपला निर्णय चुकला असे निदान तेव्हा तरी वाटत नाही.

सुखरूप परतल्यावर अंदाज साफ चुकला, असे सर्वांना सांगावे. एखादा हवामानतज्ज्ञ नम्रपणे निदर्शनास आणील, की थंडीची शक्यता २७ टक्के असल्याचे त्यांनी लिहिले होते आणि शेवटच्या ओळीत ‘उंचावरील भागांत अचानक हिमवृष्टी संभवते’ हेही होते. त्या वेळी कागद खिशातून काढून दाखवावा. आपण तो घडी घालून ठेवला होता आणि ती ओळ नेमकी घडीत आली होती.