इब्न बतूताचं मालदीव: बायकांचं प्रकरण सोडा, कवड्यांचा हिशोब वाचा

चौदाव्या शतकातला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता आणि मालदीव म्हटलं की पोस्टी पडतात त्या त्याच्या तिथल्या लग्नांच्या आणि तिथली राज्यकर्ती सुलताना खदीजा हिच्या. १३४३ च्या सुमारास तो तिथे पोचला, काझी झाला, बायकांनी अंगभर कपडे घालावेत म्हणून फर्मानं काढली. ती कोणी जुमानली नाहीत. मजेशीर आहे सगळं. पण त्याच्या प्रवासवर्णनातल्या मालदीवच्या भागातला खरा ऐवज बाजारभावात आहे, असं माझं ठाम मत.

कवड्या घ्या. समुद्रातून काढून किनाऱ्यावर खड्ड्यात टाकायच्या, मांस कुजून गेलं की पांढरं कवच उरतं. मग मोजणी: १०० ची सियाह, ७०० ची फाल, १२,००० ची कोट्टा, १,००,००० ची बुस्तू. भाव चार बुस्तूंना एक सोन्याचा दिनार, मंदीत एका दिनाराला दहा-बारा बुस्तूही. बंगाली व्यापारी त्याबदल्यात तांदूळ देत. येमेनी लोक वाळूऐवजी कवड्याच जहाजाच्या तळाशी नीरम म्हणून, म्हणजे तोल राखायचं वजन म्हणून भरत. पुढे पश्चिम आफ्रिकेत, मालीत, त्याने ११५० कवड्यांना एक दिनार हा भाव पाहिला. म्हणजे इथल्या एका दिनाराच्या मालाचे तिकडे जवळपास साडेतीनशे! अर्थात मधले दलाल, जकाती आणि वाळवंटातले उंट यातून वजा करायचे.

काथ्याचं वर्णन कोकणातल्या माणसाला लगेच पटेल. नारळाची सोडणं किनाऱ्यालगत खड्ड्यात कुजवायची, दांडक्यांनी बडवायची, मग बायकांनी सूत वळायचं. धागे धरून ठेवणारा चिकट भाग जिवाणूंनी खाल्ला की धागा सुटतो; घाई केली तर भुसा चिकटून राहतो. पिकून वाळलेल्या नारळाचा धागा जाड आणि ताठ, तो ब्रशाला ठीक. सुबक दोराला हिरवी सोडणंच लागतात. याच दोरांनी जहाजाच्या फळ्या शिवत. कारण बतूताच देतो: खिळ्यांचं जहाज खडकावर आपटलं की फुटतं, शिवलेलं लवतं. शिवण मात्र वरचेवर नवी घालावी लागते.

‘बतूता थापा मारतो’ म्हणणाऱ्यांशी त्याच्या चीनच्या वर्णनाबद्दल मी वाद घालणार नाही. मालदीवपुरता साक्षीदार आहे: फ्रेंच खलाशी फ्रान्स्वा पिरार. १६०२ मध्ये त्याचं जहाज तिथे फुटलं, १६०७ पर्यंत तो अडकला, नंतर गोव्यात पोचला. तो लिहितो, अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे तीन-तीन दिवस बायका कमरेएवढ्या पाण्यात कवड्या वेचतात. बांधणी नारळीच्या पानांच्या टोपल्यांत, एकेकीत १२,०००. अडीचशे वर्षांनंतर तोच आकडा!

बेटं मात्र बतूताने २,००० ठोकून दिलीत. आहेत साधारण १,२००. पण शंभरेक बेटांचं कडं, आत शिरायला दरवाजासारखी वाट, स्थानिक वाटाड्या नसेल तर ती सापडत नाही, आणि चुकलं की वारा थेट माबर (आजच्या तमिळनाडूचा किनारा) किंवा सिलोनला नेऊन टाकतो, हे सगळं नकाशा समोर ठेवून वाचा. १३४४ मध्ये तो स्वतः माबरला जायला निघाला. वाट तीन दिवसांची, तांडेल अननुभवी. नवव्या दिवशी जमीन दिसली ती सिलोनची.