मुलांना कोरा पडदा द्या

शाळांच्या प्रदर्शनांत हल्ली सगळे प्रकल्प एकसारखे दिसायला लागलेत आणि मला ते मनापासून खटकतं. तीच जांभळी-निळी पार्श्वभूमी, तेच उडत येणारे मथळे, मागे वाजणारं तेच संगीत. विषय ‘पाणी वाचवा’ असो नाहीतर ‘महाराष्ट्रातील किल्ले’, मजकूर बदलला की प्रकल्प तयार. आमच्या लहानपणी पुण्यातल्या आप्पा बळवंत चौकातून चित्रांचे तक्ते आणायचे, कापायचे, वहीत डकवायचे आणि खाली नाव लिहायचं. आजचं तयार टेम्प्लेट म्हणजे तोच तक्ता, फक्त पडद्यावरचा. स्नेहसंमेलनाची पत्रिका करायला ते झकास आहे. पण मुलाने विचार करावा म्हणून आपण तास देतो, तिथे ते मुलाच्या वाटचे सगळे निर्णय आधीच घेऊन बसलेलं असतं.

मी सातवी-आठवीला शिकवते. मोफत साधनं वर्गात वापरावीत, भरपूर वापरावीत, या मताची मी आहे. माझा आग्रह एवढाच, की उघडल्यावर समोर काहीच नसतं अशी साधनं निवडा. मूल जे आणेल, तेच त्यात दिसलं पाहिजे.

म्हणूनच ऑडॅसिटी, म्हणजे आवाज मुद्रित करायचा आणि कापायचा-जोडायचा प्रोग्राम, मला सगळ्यात जवळचं वाटतं. 2000 सालापासून ते फुकट मिळतं, लॅबमधल्या जुन्या संगणकावरही चालतं, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट नसलं तरी अडत नाही. आमच्या मुलांनी कसबा पेठेतल्या तांबट आळीवर पाच मिनिटांचा ध्वनिप्रकल्प केला. साधन काय, तर प्रत्येक गटात घरून आणलेला एक मोबाइल आणि त्यातला रेकॉर्डर. मठारकामाचे, म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोकत जायच्या कामाचे ठोके, कारागिरांशी गप्पा, गल्लीतल्या दुचाक्या, असं सगळं जवळजवळ तासाभराचं ध्वनिमुद्रण घेऊन मंडळी परतली. खरा अभ्यास तिथून पुढे सुरू झाला. तासाभरातून पाच मिनिटं काढायची तर काय ठेवायचं?

एका गटात दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेवरून वाद पेटला. एक मुलगा म्हणाला, ‘इथं काहीच नाहीये, कापून टाकू.’ त्याच्या शेजारची मुलगी हट्टाला पेटली, ‘काहीच नाही कसं? तेव्हा ते आजोबा हंडा फिरवतात. ते कापलं तर नुसतं मशीन वाजल्यासारखं वाटेल.’ दोघांनी दोन्ही प्रकारे ऐकलं. जागा राहिली. मग तिने निवेदनात एक वाक्य घातलं, की ठोक्यांनी तांबं घट्ट होतं, म्हणून हंडा फिरवत फिरवत सगळीकडे सारखं ठोकावं लागतं. हे वाक्य पुस्तकातून आलेलं नव्हतं. तिने कान देऊन ऐकलं, हंड्याकडे नीट पाहिलं, प्रश्न विचारला, तेव्हा ते तिला मिळालं.

ध्वनिमुद्रणातली पंख्याची घरघर काढून टाकायची रीतही मुलांनी अशीच शिकून घेतली. नुसत्या घरघरीचा छोटा तुकडा निवडायचा, हा नको असलेला आवाज आहे असं प्रोग्रामला सांगायचं, मग पूर्ण फाइलवर तो आवाज घालवायचा परिणाम (इफेक्ट) लावायचा. जास्त लावला की माणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. किती पुरे, हे कानानेच ठरवावं लागतं.

विज्ञानातही हाच प्रोग्राम कामाला येतो. अरविंद गुप्ता सरांनी पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी करून दाखवली, आणि त्यांच्या फिल्म नि पुस्तकं आजही संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यातली स्ट्रॉची पिपाणी घ्या. टोक चपटं करून दोन्ही बाजूंनी तिरकं कापायचं, फुंकायचं, आणि फुंकता फुंकताच दुसरं टोक कात्रीने कापत जायचं. आवाज चढत जातो, हे वर्गाला ऐकू येतंच. तेच ध्वनिमुद्रित करून पडद्यावर दिसणारी आवाजाची लाट मोठी करून पाहिली, की स्ट्रॉ आखूड होईल तशी लाटेची शिखरं एकमेकांच्या जवळ सरकलेली दिसतात. मग फळ्यावर लिहिलेल्या ‘वारंवारता’ या शब्दाला घोकंपट्टीची गरज उरत नाही.

स्क्रॅचबद्दलही सांगायलाच हवं. रंगीत ठोकळे जोडून मुलांनी स्वतः खेळ नि गोष्टी प्रोग्राम करायचं हे मोफत साधन. एमआयटीच्या मीडिया लॅबने 2007 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. बहुतेक शाळांत त्यातलं मांजर चालवून दाखवतात आणि तिथेच थांबतात. आम्ही तांबट आळीचा हाताने काढलेला नकाशा त्यात घातला, ठिकाणावर टिचकी मारली की तिथला आवाज वाजेल असा. स्क्रॅचचा मंच, म्हणजे चित्र दिसतं ती चौकट, जेमतेम 480 बाय 360 ठिपक्यांची (पिक्सेलची). पहिल्या नकाशातली बारीक अक्षरं वाचताच येईनात. मुलांनी नकाशा नव्याने काढला आणि त्यात कुठलं दुकान घ्यायचं, कुठलं गाळायचं यावर एक अख्खा तास भांडली. भूगोलाचा इतका चांगला तास मी अनेक दिवसांत घेतला नव्हता.

चित्रांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. ‘गुगलवरून घेतलं’ हे उत्तर माझ्या वर्गात चालत नाही. गुगल फक्त दाखवतं, चित्र कुणीतरी काढलेलं असतं. आधी स्वतः काढा, फोटो घ्या. नाहीच जमलं तर विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रांच्या संग्रहावर जा, खाली परवाना काय लिहिलाय ते वाचा आणि छायाचित्रकाराचं नाव द्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मोफत गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी घेतानाही लेखक आणि चित्रकार दोघांची नावं आलीच पाहिजेत. बारा वर्षांच्या मुलाला हे उत्तम समजतं, कारण त्याच्या नकाशावर दुसऱ्याने नाव टाकलेलं त्यालाही खपत नाही.

मुख्याध्यापकांना आणि पालकांना एक विनंती आहे. जिथे मुलाचा ईमेल, जन्मतारीख, फोटो मागतात, ते साधन कितीही देखणं असलं तरी आधी विचार करा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. ऑडॅसिटीला खातं लागतच नाही, आणि स्क्रॅचमध्येही खातं न उघडता काम करून फाइल आपल्या संगणकावर ठेवता येते. दुसरं, सगळं काम कुणाच्या तरी सर्व्हरवर सोडू नका. 2020 च्या अखेरीस वेबपानांवर अ‍ॅनिमेशन नि खेळ चालवणारं फ्लॅश बंद झालं, 2024 च्या अखेरीस गुगलचा ऑनलाइन फळा जॅमबोर्ड. दोन्हींवर शिक्षकांनी जीव ओतून धडे केले होते. मुलांची फाइल शाळेच्या पेनड्राइव्हवर हवीच.

आणि गुण देताना चकचकीतपणाला गुण देऊ नका, ही सहकाऱ्यांना कळकळीची विनंती. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे, तो चकचकीतपणात नेहमीच पुढे राहणार. मी प्रत्येक गटाकडून प्रकल्पासोबत एक कागद मागते: काय काय कापलं आणि का कापलं. निम्मे गुण त्या कागदाला.