आकडा कोणत्या शाखेचा, ते आधी विचारा

‘जगातले अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ’ ही सायटेशन्सवर, म्हणजे इतरांच्या लेखांत आपल्या कामाचा किती वेळा उल्लेख आला यावर, बेतलेली यादी दरवर्षी आली की ओळखीच्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी अभिनंदनं होतात आणि मग वाद पेटतो. नॅनोमटेरिअल्सवाल्याची सायटेशन्स हजारांत, सेंद्रिय संश्लेषण करणाऱ्याची दोन-तीनशे. दोघं एकाच रसायनशास्त्र विभागातले, दोघांच्या कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फाइली एकाच टेबलावर. मग सरस कोण? नेदरलँड्समध्ये बसून हे वाचताना मला वाटतं, प्रश्नच चुकीचा मांडला जातोय.

ती यादी करणाऱ्या जॉन आयोनिडिस यांच्या गटानेच शास्त्रज्ञांची 22 शाखा आणि 174 उपशाखांत विभागणी केली आहे. एच-इंडेक्स काढणारे हिर्श हे भौतिकशास्त्रज्ञ. एच 12 म्हणजे किमान 12 लेख प्रत्येकी किमान 12 वेळा उद्धृत झालेले. मोठ्या अमेरिकी विद्यापीठात कायम होण्यासाठी साधारण 12 चा एच असावा, असा अंदाज त्यांनी 2005 च्या मूळ लेखात दिला. जीवशास्त्रात हे आकडे चढे असतात, हेही तिथेच नोंदवलं. आपण आकडा उचलला, अट तिथेच सोडली.

रसायनशास्त्रात तर ही अट सोडणं फारच महागात पडतं, कारण हा विषय दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांत सतत वापरला जातो. प्रथिनांचं प्रमाण मोजण्याची लोरी यांची 1951 ची पद्धत तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाली, ती बहुतांशी जीवशास्त्राच्या आणि वैद्यकाच्या लेखांत. याउलट एखादा गुंतागुंतीचा नैसर्गिक रेणू पायरी-पायरीने घडवणाऱ्याची पीएचडीची सगळी वर्षं त्या एका रेणूत जातात. पेपर एक किंवा दोन, आणि त्यातली खुबी कळणारे गट जगभरात मोजकेच.

जॉर्ज शेल्ड्रिक यांचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. स्फटिकरचना ठरवण्याच्या ‘शेलएक्स’ या प्रोग्रॅमचा आढावा घेणारा त्यांचा लेख 2008 मध्ये ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ मध्ये आला. शेलएक्स वापरणारे सगळेच तो उद्धृत करू लागले आणि त्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या अलीकडच्या लेखांना मिळणाऱ्या सायटेशन्सची सरासरी, 2 वरून 2009 मध्ये जवळजवळ 50 वर गेला. एका लेखामुळे! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नेमणुका-बढत्यांच्या 2018 च्या नियमावलीत इम्पॅक्ट फॅक्टर 2 ते 5 असेल तर पेपरला 20 गुण आहेत, 10 च्या वर असेल तर 30. हा तक्ता तेव्हा लावला असता, तर त्या नियतकालिकात लिहिणाऱ्या इतर सगळ्यांना शेल्ड्रिक यांच्या कामाचे 10 गुण फुकट मिळाले असते.

म्हणून आकडे काढून टाका, असं आता आपल्याकडेही म्हटलं जातंय. जानेवारी 2025 मध्ये आलेल्या यूजीसीच्या मसुद्यात एपीआय गुणांऐवजी (शैक्षणिक कामगिरी आकड्यांत मोजणारे गुण) ‘लक्षणीय योगदाना’वर भर आहे. त्यावर माझी एक जुनी मैत्रीण जे बोलली, ते मी उडवून लावू शकत नाही: ‘अगं, गुण होते म्हणून माझ्यासारखीला समितीसमोर उभं तरी राहता आलं. उद्या योगदान ठरवणार कोण? ज्याचा माणूस आत, तोच.’

वशिल्याची ही भीती खरी आहे, आणि इकडेही तिचं उत्तर पूर्ण सापडलेलं नाही. 2021 मध्ये उत्रेख्त विद्यापीठाने नेमणुका-बढत्यांतून इम्पॅक्ट फॅक्टर काढायचं ठरवलं, तेव्हा शंभराहून अधिक डच प्राध्यापकांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला: मोजमाप गेलं की मनमानी येईल. आकड्यांऐवजी स्वतःच्या कामाची गोष्ट सांगणारा सीव्ही मागितला, की ज्याला इंग्रजी सफाईने लिहिता येतं त्याचं पारडं जड होतं. बाहेरून आलेल्यांना हे चांगलंच जाणवतं.

तरीही इकडची एक गोष्ट आपल्याकडे यावी, असं मला मनापासून वाटतं. मी ज्या निवड समितीत होते, तिथे उमेदवाराने स्वतः निवडलेले पेपर प्रत्येक सदस्याने वाचून यायचं होतं. संश्लेषण करणाऱ्या एका उमेदवाराला एकाने थेट पुरवणी माहितीतला तक्ता काढून विचारलं, ‘मिलिग्रॅमवरून ग्रॅमवर गेल्यावर या पायरीत मिळणारं उत्पादन का घसरलं?’ त्याने आर्द्रतेपासून उत्प्रेरकापर्यंत सगळं उलगडून सांगितलं. फसलेले प्रयत्नही लपवले नाहीत. त्याची सायटेशन्स उमेदवारांत सर्वांत कमी होती. नेमणूक त्याचीच झाली.

आपल्याकडे एकेका जागेला अर्जांचा ढीग येतो, सगळ्यांचे पेपर वाचणं अशक्य आहे, हे मान्य. मग पहिल्या चाळणीला आकडे राहू द्यात, पण ते त्या-त्या उपशाखेच्या सरासरीशी ताडून. स्फटिकशास्त्रज्ञाची तुलना स्फटिकशास्त्रज्ञाशीच व्हावी. शेवटच्या पाच-सहा जणांचे पेपर मात्र वाचलेच पाहिजेत. आणि कोणता पेपर वाचला, त्यात काय आढळलं, हे प्रत्येक सदस्याने सहीनिशी अर्धं पान लिहून द्यावं. निकालासोबत ती पानं विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकावीत, म्हणजे ज्याची निवड झाली नाही त्यालाही ती वाचून जाब विचारता येईल.