पाण्याचं पातेलं निखाऱ्यांचा वायू शोषत नाही
धुळे-जळगावकडे थंडी वाढली तसा एक मेसेज फिरतोय: 'हीटरचं बिल वाचवा. घमेल्यात निखारे घ्या, शेजारी पाण्याचं पातेलं ठेवा, पाणी विषारी वायू शोषतं. दारं-खिडक्या लावून निवांत झोपा.' हे साफ चुकीचं आहे. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याला वास नाही, रंग नाही. पऱ्हाट्यांचा धूर थांबला, नुसते लाल निखारे उरले, तरी तो निघतच राहतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. शेकोटी अंगणातच पेटवा, घरात नको. राहिलं बिल: १००० वॉटचा हीटर तासाला १ युनिट घेतो. झोपण्याआधी अर्धा तास लावून बंद केला तर अर्ध्या युनिटात भागतं, पुढे गोधडी आहेच.